पॉलिशमधला केस

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल सुतारकाम करायचं. झिपरू त्याचं नाव. हसू नका. सुतारपक्षी नावाचाच सुतार, नुसती भोकं पाडतो. पाट, चौरंग हवा असला की सगळे झिपरूकडेच यायचे.

झिपरूचा हात चांगला होता. घात व्हायचा तो पॉलिश करताना. पॉलिश ओलं असतानाच त्याच्या अंगावरचा एखादा केस गळायचा आणि नेमका त्यात जाऊन बसायचा. पॉलिश वाळलं की केस कायमचा. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही. अस्वलाला कोण बोलणार? पण झिपरूच्या जिवाला ते फार लागायचं. एक तरी वस्तू आपल्या हातून निर्दोष व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती.

एकदा गजराबाई हत्तिणीने त्याला शिसवी झोपाळा करायला सांगितला.

"लेकीच्या डोहाळजेवणाला हवाय," ती म्हणाली. "सावकाश कर. आमच्यात बाळंतपणाला दोन वर्षं लागतात."

झिपरूने मनाशी ठरवलं, हाच तो झोपाळा. त्याने जीव ओतून काम केलं. पॉलिशचा शेवटचा हात दिला, वाळू दिला आणि वाकून पाहिलं. बैठकीच्या मधोमध एक काळाभोर केस!

"अहो, राहू द्या की," अस्वलीण म्हणाली. "हत्तीण बसली की झाकला जाईल."

"झाकला जाईल गं, पण मला माहीत असेल ना!"

त्याने पॉलिशपेपरने केस घासून काढला. तिथे पांढुरका डाग पडला. डागावर पुन्हा पॉलिश लावलं, तर तेवढाच भाग जास्त चमकू लागला. मग त्याने सगळा झोपाळाच घासला आणि नव्याने पॉलिश केलं. या वेळी दोन केस निघाले. काळजीने केस गळतात, बाळांनो. आणि केस गळतात याची काळजी लागली, की आणखी गळतात.

शेवटी झिपरू तडक माकडन्हाव्याकडे गेला.

"सगळे काढ."

"सगळे? अहो, थंडीचे दिवस आहेत."

"काढ म्हणतो ना!"

माकडाने काढले. झिपरू सोललेल्या रताळ्यासारखा दिसू लागला. घरी गेला तर दारातच अस्वलीण म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?"

कुडकुडत, शिंकत त्याने पुन्हा पॉलिश केलं. शिंकताना मात्र अंगणात जाऊन यायचा. आणि झोपाळा असा झाला की त्यात तोंड दिसावं. झिपरूला स्वतःचं तोंड दिसलं. ते बघवत नव्हतं, पण झोपाळ्यात खोट नव्हती. त्याला आनंदाने रडूच आलं. त्याने आधी झोपाळा पुसला, मग डोळे.

गजराबाईने चष्मा लावला. झोपाळ्यावरून सोंड फिरवली. मग उलटी फिरवली.

"केस कुठाय?"

"नाही, बाईसाहेब! एकही नाही!" झिपरू छाती फुगवून म्हणाला.

"म्हणजे हा झिपरूने केलेला नाही."

झालं होतं असं, की माकडाने केसांचा ढीग कोल्हेशेठला घाऊक भावात विकला होता. कोल्हेशेठ यंत्रावर पाट काढायचा. आता तो प्रत्येक पाटावर एकेक केस चिकटवू लागला होता. दुकानावर पाटी होती, 'अस्सल अस्वली हातकाम. केस पाहूनच खात्री करा.' सगळं जंगल तिथे लोटत होतं.

"पण बाईसाहेब, मीच झिपरू!"

"कशावरून? झिपरूच्या अंगावर केस होते." गजराबाईने चष्मा काढला. "हे बघ बाबा, उद्या व्याही यायचेत. बिनकेसाचा झोपाळा पाहून नावं ठेवतील. केस असेल तर ठेव, नाहीतर उचल."

झिपरूने अंगभर शोधलं. काखेतसुद्धा काही उगवलं नव्हतं. मान खाली घालून तो कोल्हेशेठच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला.

"एक सुटा केस मिळेल का?"

"मिळेल की! डोळे झाकून घ्या. अस्सल अस्वलाचा आहे."

"माहीत आहे. माझाच आहे तो."

"सगळे असंच म्हणतात," कोल्हेशेठ म्हणाला आणि पैसे मोजून गल्ल्यात टाकले.

ज्या पॉलिशसाठी अंगावरचं सगळं दिलं, त्याच पॉलिशला झिपरूने मधोमध नखाने चीर पाडली. चिरेत केस बसवला, वरून पॉलिशचं बोट फिरवलं.

गजराबाईने सोंड फिरवली. केस लागताच तिचा चेहरा खुलला.

"आता कसं! याला म्हणतात झिपरूचं काम. तू शिकतोयस कुणाकडे रे? त्याच्याकडेच ना?"

"हो," झिपरू म्हणाला. "पण अजून नीट जमत नाही."

तात्पर्य : आपली चूक दुरुस्त करायला बसण्याआधी बाजारात एक चक्कर मारून यावी. चुकीला भाव आला असेल, तर हातातला पॉलिशपेपर मुकाट्याने खाली ठेवावा.