फरशीवरचं फिनलंड

शेटे सरांच्या वर्गात जायचं तर आधी दाराशी चपला काढायच्या आणि मग फिनलंडात शिरायचं. कधी जपानात. बीडच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयशास्त्राचा वर्ग चालायचा. त्यात मी पुस्तकांचं वर्गीकरण शिकवायचो आणि शेटे सर 'जगातली ग्रंथालये'. बाकं भिंतीला सारून ते शहाबादी फरशीवर खडूनं परदेशातल्या एकेका ग्रंथालयाचा नकाशा काढत. इथे दार, इथे कपाटं, इथे खिडकी, खिडकीबाहेर तळं. पोरांनी त्यातून चालायचं. रेघेवर कुणाचा पाय पडला की सर कळवळून म्हणत, "आरं, दारातून ये की. भिंतीतून कावून शिरतो?"

पोरं नेकनूर, चौसाळा, तलवाड्याकडची. गावच्या वाचनालयात चिकटायचं तर प्रमाणपत्र हवं, म्हणून आलेली. एकानं एकदा धीर करून विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत," सर शांतपणे म्हणाले. "आधी जगाचं बघावं, मग परीक्षेचं."

'आधी जगाचं बघावं' हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी ते जगाचं बघत. स्वतः मात्र औरंगाबादच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. घराणं कापडदुकानदारांचं. तरुणपणी गल्ल्यावर बसवलं, तर गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं सोडून ते कोणत्या देशात कसं विणतात हे सांगत बसले. तेव्हा वडिलांनीच हात जोडून त्यांना शिकायला पाठवलं म्हणे. कॉलेजात परदेशी मासिकं शिळी होऊन यायची. त्यांतले फोटो बघता बघता सरांची तंद्री लागायची आणि ते हळूच म्हणायचे, "आत्ता तिकडं दिवे लागले असतील."

त्यांच्या नकाशांत एक खोड होती. एकाही ग्रंथालयाला पायऱ्या नसत, दाराशी नुसता उतार. मी चिडवायचो, "सर, साहेबाच्या देशातले जिने संपले का?"

ते हसायचे. "तिकडं चाकाच्या खुर्चीतला माणूसबी वाचायला येतो. त्याचं बघतेत ते आधी."

त्याच सुमारास गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि आमच्या प्राचार्यांनाही कॉम्प्युटर हवेसे झाले. प्राचार्यांना त्या दिवसांत आणखी एक घोर होता. त्यांच्या नव्या फिरत्या खुर्चीच्या चाकांना रोज सकाळी खडू लागलेला असायचा, आणि तो येतो कुठून हे कुणी सांगत नव्हतं. चाकं पुसायला फडकं मागवता मागवताच ते म्हणाले, "शेटे, तुमची खालची खोली कॉम्प्युटरला लागणार. तुम्ही वर जा."

कशालाच नाही न म्हणणारे शेटे सर ताठ झाले. "जगात कुठंबी लायब्ररी अशी वर..."

"जगाचं राहू द्या. पोरांना पाय आहेत, चढतील."

 सरांचा चेहरा पार उतरला. एका खोलीसाठी एवढं काय, ते मला कळेना.

संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी विसरलेला डबा न्यायला परत गेलो. सरांच्या खोलीबाहेर रिक्षा उभी होती. आत, फिनलंडात, प्राचार्यांची फिरती खुर्ची होती आणि तिच्यात शेटे वहिनी बसल्या होत्या. संधिवातानं वहिनींचे पाय कधीचेच गेले होते. गावातलं वाचनालय माडीवर, जिना अरुंद. सर घरी पुस्तकं आणून देत, पण त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "आणलेलं वाचते वो भाऊजी. पण कपाटापुढं जाऊन आपल्या हातानं निवडायचं, ते राहूनच गेलं."

सर खुर्ची हळूहळू ढकलत होते, एकही रेघ न ओलांडता. उतारावरून आत, कपाटांमधून, खिडकीशी. तिथे थांबून दोघं खडूचं तळं बघत राहिले.

"लई गार वाटतंय," वहिनी म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आवो, हितं मराठी पुस्तकं हायत का?"

"मागवलीत," सर म्हणाले. "जहाजानं निघालीत."

 डबा न घेताच मी घरी आलो.

सकाळी मी प्राचार्यांना सांगितलं, खालच्या धुळीनं मला खोकला होतो, शेजारची माझी खोली शेटे सरांना द्या, मी वर जातो. त्यांनी हरकत घेतली नाही. ते चाकं पुसत होते. रविवारी सरांनी माझ्या जुन्या खोलीच्या उंबऱ्याशी आपल्या हातानं सिमेंटचा उतार केला. कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उतार वाळला त्या दिवशी मी कॉलेजच्या माडीवरच्या ग्रंथालयातून मराठी पुस्तकं मागून आणली. सरांच्या या नव्या खोलीत फिनलंड काढून झालंच होतं. खडूच्या कपाटांवर बाकं मांडून मी पुस्तकं लावली. संध्याकाळी सर उतारावरून खुर्ची ढकलत आले आणि दारातच थांबले.

"हे कुठून?"

"जहाज लागलं, सर," मी म्हणालो.

 खुर्ची बाकांशी लावून सर खिडकीकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून तळं बघत राहिले. वहिनींनी एक पुस्तक उचललं, चाळलं, परत ठेवलं. दुसरं उचललं.

"निवड सावकाश," सर तिकडूनच म्हणाले. "काही घाई न्हाई."

वहिनी बराच वेळ नुसत्या निवडत होत्या.