फिल्टरास अभ्रा घातल्याची व थ्रॉटल मोकळा केल्याची हकीकत

मायबाप वाचकांचे चरणी लेखकाचा अर्ज ऐसा जे, मोठमोठ्या लढायांचे वृत्तांत लिहिणारे उदंड जाहले, परंतु एका घरासमोरील पोर्चमध्ये जी लढाई जाहली, आणि जीत एक चारचाकी, एक सासुरवाडीचा सरदार व एका बापाची अब्रू पणास लागली, तिचे टिपण कोणी ठेवले नाही, सबब ही तजवीज. पदरचे लिहू तर दौत उपडी होवो.

राजश्री झाकणराव हे गल्लीने बहाल केलेले नाव. घरात कोणताही जिन्नस उघडा राहू नये हा त्यांचा कायदा. रिमोटास पिशवी, मिक्सरास टोपरे, सोफ्यास चादर आणि त्या चादरीस धूळ लागेल म्हणून वर आणखी एक चादर. गाडीच्या सीटांवरील कारखान्याचे प्लॅस्टिक इतक्या वर्षांत जागचे हलले नव्हते, आणि उन्हाळ्यात उतरणाऱ्याची पाठ सोलवटून निघे, तरी हुकूम बदलला नाही.

यांस एकच कन्या. तिने आपल्या पसंतीने लग्न केले तेव्हा राव रुसले आणि ऐन लग्नाचे दिवशी गाडी बिघडली ऐसा निरोप धाडून घरात बसून राहिले. गाडी ठणठणीत होती, हे कन्येस पक्के ठाऊक. मग जो अबोला पडला तो नातू जन्मला तरी सुटेना. अखेर बाईसाहेबांनी, म्हणजे रावांच्या पत्नीने, रदबदली करून तह घडविला. त्याचे कलम कन्येने सांगितले ते ऐसे: बाबा स्वतः गाडी घेऊन बसस्टँडवर आले तर बाळाला घेऊन घरी येईन, नाहीतर त्याच पावली परत.

आणि नेमके त्याच दुपारी गाडीने बंड केले. रावांनी शर्ट इस्त्री करून घातला, भांग पाडला, चावी फिरविली, तो इंजिन गुरगुरे आणि बसे, पुन्हा गुरगुरे आणि पुन्हा बसे. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी पोर्चच्या कडेपर्यंत रांगत गेली आणि चाकासमोरच्या पट्टीवर बिघाडाचा पिवळा दिवा लागला. खासे राव घामाघूम जाहले.

बाईसाहेबांनी टॅक्सीची मसलत दिली. त्यावर रावांनी फर्माविले की, टॅक्सीतून उतरून पुन्हा गाडी बिघडली म्हणून सांगू? पोर तोंड फिरवील, आणि तिचे काय चुकेल?

"तेव्हा खोटं बोललात, आता निस्तरा," ऐसे बोलून बाईसाहेबांनी माहेरची कुमक मागविली. कुमक म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे बंधू, गॅरेजवाले. ते मोटारसायकलवर हत्यारांची पेटी बांधून दाखल जाहले. रावांचे आणि या मेहुण्यांचे सख्य बेताचेच, कारण मेहुण्यांनी एकदा सीटचे प्लॅस्टिक नखाने सोलू पाहिले होते.

मेहुण्यांनी यंत्र जोडून गाडीची जबानी घेतली. थ्रॉटलची तक्रार निघाली. इंजिनात हवा किती सोडावी हे ठरविणारी एक पितळी रंगाची चकती असते, ती दारासारखी उघडते व मिटते, आणि ती हुकूम मानीनाशी जाहली ऐसा निर्णय पडला. परंतु हुकूम वाटेत कोठे अडतो? मेहुण्यांनी प्रथम पेडलवर मोर्चा नेला. पेडल निर्दोष. मग तारांची झडती घेतली, एकेक जोड सोडून पाहिला. तारा निर्दोष.

"दाजी, इंजिनात कुणी हात घातला होता का?"

"छे! मी कशाला हात घालतोय?" रावांनी आकाशाकडे पाहिले.

आता खरे ते लिहिणे प्राप्त. मागल्या महिन्यात रावांनी बॉनेट उघडून एअर फिल्टर पाहिला होता. पांढराशुभ्र कागदी फिल्टर, आणि त्याजवर धूळ! रावांचा जीव कळवळला. धूळ अडविणे हीच फिल्टराची चाकरी, हे ध्यानी न घेता त्यांनी आपला जुना बनियन कापिला, त्याचा अभ्रा शिविला, फिल्टरास उशीसारखा चढविला आणि झाकण कसेबसे दाबून बसविले. हे सांगावे तर मेहुणा जन्मभर हसेल, न सांगावे तर वेळ चाललेली. रावांनी रुमाल काढून गाडीचा आरसा पुसावयास घेतला. मेहुणे बिचारे पुन्हा तारांत शिरले.

इतक्यात बाईसाहेबांचा फोन वाजला. कन्या बोलत होती. बस वेशीपाशी आली होती, मागे बाळ रडत होते. बाईसाहेबांनी फोन रावांच्या कानास लाविला.

"बाबा, येताय ना?"

लग्नानंतर ती प्रथमच त्यांस बाबा म्हणाली. "येतोय, येतोय गं," ऐसे कसेबसे बोलून रावांनी फोन परत दिला, आणि मग मेहुण्यांपुढे मान खाली घालून एका दमात उरकले: "फिल्टरला अभ्रा घातलाय. बनियनचा."

मेहुण्यांस हसू आवरेना म्हणून ते बॉनेटात तोंड खुपसून हसले, बाईसाहेब भिंतीस टेकून हसल्या आणि रावांनी ती शिकस्त उभ्याने सोसली.

मग कामास भर आला. हवेची नळी सोडिली, तो आत बनियनची दोरेदार चिंधी चकतीस गुंडाळून बसलेली, भोवती काजळीचा थर, चकती अर्धी मिटून जाम. चिमट्याने धागे ओढावे, फवारा मारावा, जुन्या टूथब्रशने घासावे, ऐसा क्रम चालला. राव इस्त्रीच्या शर्टासुद्धा आत वाकले आणि कोपरापर्यंत काळे जाहले. फिल्टर उघडावाघडा बसविला. शेवटी मेहुण्यांनी निक्षून बजाविले की, आता चकती आपली जागा ओळखून घेईल, तोवर पेडलला पाय लावाल तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. रावांनी चावी फिरवून दोन्ही पाय सीटवर उचलून मांडी घातली आणि डोळे मिटले. इंजिन एकवार उसळले, थरथरले आणि एकसूर जाहले. पिवळा दिवा विझला. हात धुवावयासही न थांबता कूच केले.

बसस्टँडवर कन्या परतीच्या बसच्या रांगेत उभी होती. रावांनी धावत जाऊन चकती, काजळी, तारा, चिमटा यांचा सविस्तर मजकूर सांगावयास आरंभ केला, श्वास घेईनात. कन्येने त्यांचे काळे हात पाहिले, गालावरचा काळा पट्टा पाहिला, आणि रांगेतून बाहेर आली.

"पुरे, बाबा. धरा याला."

"अगं, हात काळे आहेत!"

"असू देत."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नातवाचे झबले जागोजागी काळे जाहले आणि त्याजवर काही पांघरावे ऐसे आजोबांचे मनातही आले नाही. परतीस गाडी कन्येने हाकिली, कारण ज्यांनी आजवर चाक कोणाचे हाती दिले नव्हते ते राव मागल्या सीटवर बसले होते, आणि मांडीवरचे पोर झोपले म्हणून त्यांनी सबंध वाटेत हूं की चूं केले नाही.