आधी बघून या

एकटा पुरुष साडी घ्यायला दुकानात आला, की आमचे आप्पा खैरनार त्याला घरी परत पाठवत. थट्टेने नव्हे, अगदी गंभीरपणे. "आधी बघून या," म्हणत. काय बघून यायचं, तर स्वतःची बायको.

मेनरोडवरच्या त्या साड्यांच्या दुकानात मी त्यांच्या शेजारच्या गादीवर सतरा वर्षं बसलो. सेल्समन म्हणजे विकणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं तर तो दिवसभर घड्या मोडतो आणि घड्या घालतो. साठ साड्या दाखवायच्या, बाईंनी "उद्या ह्यांना घेऊन येते" म्हणत चपला घालायच्या, आणि आपण साठ घड्या घालत बसायचं. असा जन्म काढल्यावर माणूस थोडा फिरला नाही तरच नवल. मी झोपेत चादरीच्या घड्या घालतो, असं माझी बायको लता सांगते.

आप्पा जरा जास्तच फिरले होते. एका संध्याकाळी सातपूरच्या कारखान्यातला एक जण पाळी संपवून थेट दुकानात आला. खांद्याला डब्याची पिशवी, अंगात कंपनीचा निळा शर्ट. म्हणाला, "मिसेससाठी एक चांगली साडी दाखवा."

"उंची?" आप्पांनी विचारलं.

"मध्यम."

"वर्ण?"

"आपल्यासारखाच."

"आपल्या म्हणजे तुमच्या का माझ्या? बरं, अंगावर कुठला रंग जास्त असतो त्यांच्या?"

तो गडी वर पंख्याकडे बघायला लागला. "साडीच असते," म्हणाला.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आधी बघून या," असं म्हणून आप्पांनी गादीवरची सुरकुती सारखी केली.

तो हसला. हे खरंच सांगताहेत हे लक्षात आल्यावर त्याचं तोंड उतरलं आणि तो निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी परत आला. डब्याच्या पिशवीतून त्याने वहीचं पान काढलं. उंची माझ्या कानापर्यंत. रंग गव्हाळ. हिरव्या चार आहेत, निळी एकही नाही. मानेवर डाव्या बाजूला तीळ.

"तीळ कालच दिसला का?" आप्पांनी विचारलं.

"नाही हो, माहीत होता. मध्यंतरी राहून गेला."

आप्पांनी त्याला निळी साडी दिली आणि त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. असे परत येणारे दहात एक. बाकीचे नऊ जण समोरच्या दुकानात जात आणि चार मिनिटांत पिशवी हातात घेऊन बाहेर पडत. ते आम्हाला गादीवरून स्वच्छ दिसत असे.

आप्पांच्या मिशा झुपकेदार, आवाज घोगरा आणि आशा कशाचीच नाही. दुकानात गर्दी नसली की म्हणत, "संपलं." गर्दी झाली की म्हणत, "ही शेवटची." कॉलेजच्या मुली ड्रेसमध्ये रस्त्यावरून जाताना दिसल्या की म्हणत, "आता साडी दोनदाच. लग्नात आणि तिरडीवर." दिवाळीच्या सकाळी असलं कुणी बोलतं का? हे बोलत. देवळ्याकडून लग्नाचा बस्ता घ्यायला दोन जीप भरून माणसं येत. मामा, काका, आत्या सगळे एकदम बोलत आणि नवरी बिचारी खांबाला टेकून बसलेली असे. आप्पा मूळचे तिकडचेच. ते हातातली साडी खाली ठेवत आणि अहिराणीत सगळ्यांना दटावत, "नवरी कोठे शे? तिले इचारा ना." मामालोकांना तो अपमान वाटे. दोन बस्ते त्यापायी उठून गेले.

पूर्वी आप्पा असे नव्हते. एकट्या पुरुषाला चार मिनिटांत वाटेला लावणारे पूर्वी तेच होते. आणि डागी माल खपवण्यात तर त्यांचा हात धरणारं मेनरोडवर कुणी नव्हतं. विणताना सूत तुटलेल्या, रंग फुटलेल्या साड्या म्हणजे डागी माल. त्यांचा कप्पा सगळ्यात खाली, आमच्या गुडघ्यांजवळ होता. आप्पा तसली साडी स्वतःच्याच अंगावर घेत, भराभर निऱ्या घालत आणि डाग आत कसा गडप झाला ते बायकांना दाखवत. मिशांखाली निऱ्या बघून बायका हसत आणि स्वस्तात मिळते म्हणून घेऊनही जात. उरलेल्या साड्या आम्ही नोकरमाणसं घरी नेत असू. लताच्या कपाटात तेव्हा दुसरं काही नव्हतंच.

मग आप्पांच्या बायकोला, शांतावहिनींना, ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. तेराव्यानंतर आप्पा कामावर आले ते हे 'आधी बघून या' घेऊनच आले. दुःख आहे, उतरेल, असं आम्ही म्हणत राहिलो. पाच वर्षं झाली तरी उतरलं नाही.

त्याच सुमारास मालकांच्या मुलाने, छोट्या शेठनी, गंगापूर रोडला काचेचं, गार हवेचं दुकान काढायचं ठरवलं. मेनरोडचं बंद होणार होतं आणि आम्हा पाचांतले तिघेच तिकडे जाणार होते. आप्पा अठ्ठावन्न वर्षांचे. मूलबाळ नाही, घरात दुसरं माणूस नाही. ही गादी गेली तर सकाळी अंघोळ करून जायचं कुठे, हाच त्यांचा प्रश्न होता. छोटे शेठ त्यांना सर्वांदेखत म्हणाले, "आप्पा, आणखी एका गिऱ्हाइकाशी नाटक केलंत, तर तुमचं नाव यादीत नाही."

"नाही करणार," आप्पा म्हणाले.

आणि तीन आठवडे त्यांनी खरंच केलं नाही. एकटा पुरुष आला की मुकाट्याने साडी पुढे करत आणि मान दुसरीकडे फिरवत. शब्द दिलेल्या माणसाचं ते तोंड मला बघवत नसे.

मग एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं, शेठच्या गल्ल्याजवळची उदबत्ती अजून जळत होती, तेव्हा एक पन्नाशीचा माणूस आत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. म्हणाला, "हिरवी साडी द्या. कुठलीही."

आमच्या धंद्यात एवढं वाक्य पुरतं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर हिरवी साडी घालतात, आणि ती घ्यायला येणारा माणूस असाच येतो. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला थांबवायचं नाही, जाताना "पुन्हा या" म्हणायचं नाही. छोट्या शेठनी आप्पांना डोळ्यांनीच खालचा कप्पा दाखवला.

"बसा," आप्पा त्या माणसाला म्हणाले. "काठ कसे आवडायचे त्यांना?"

"मला काय माहीत. तिचं तीच घ्यायची सगळं." तो उभाच होता. "द्या ना कुठलीही."

आप्पांनी तोंड उघडलं. यांच्या तोंडून आता ते वाक्य निघालं तर हा माणूस इथेच कोसळेल, असं मला वाटलं. पण आप्पांनी त्याला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं आणि वरच्या कप्प्यांतल्या हिरव्या साड्या एकेक करून उलगडायला सुरुवात केली. पाच झाल्या, दहा झाल्या. तो माणूस नुसता मान हलवत होता. तेव्हा आप्पा उठले आणि त्यांनी एक साडी सरळ स्वतःच्या अंगावर घेतली. पिकल्या मिशांचे आप्पा खांद्यावरून हिरवा पदर सोडून उभे आणि समोर ज्याची बायको घरी जमिनीवर निजवलेली तो बसलेला. मला हसू आलं आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तो माणूस बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही नको. रुंद काठ तिला जड व्हायचे. खांदा दुखायचा तिचा."

"कुठला?"

"उजवा. पाणी भरून भरून."

त्यानंतर तो बोलतच सुटला. तिला पोपटी आवडायचा नाही. जरी टोचायची. आप्पा एक साडी काढत होते, दुसरी घेत होते. तेवढ्यात त्याचा मेव्हणा स्कूटरवरून शोधत आला आणि दारातूनच ओरडला, "दाजी, सगळे खोळंबलेत तिकडे!" दाजींनी त्याला हातानेच थांबवलं. पाऊण तासाने त्यांनी एक बारीक काठाची, कच्च्या कैरीच्या रंगाची साडी पसंत केली, ती छातीशी धरली आणि ते गेले.

छोटे शेठ एवढंच म्हणाले, "आप्पा, संपलं."

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही डबे उघडले. आप्पांनी डबा उघडला नाही. ते त्या हिरव्या साड्यांच्या घड्या घालत होते.

"शांताची साडी मी चार मिनिटांत घेतली, सुरेश," ते म्हणाले. "मीच आलो होतो. मोठ्या शेठनी सांगितलं होतं, हवी ती ने, पैशाचं बघू नको. आणि हात गेला तो खालच्या कप्प्यात. सवयीने गेला. घरी नेली. तिला साडी नेसवली नाही, नुसती वरून पांघरली. निऱ्या कुठे असतात अशा वेळी? डाग छातीवर आला. पुरीएवढा. माझ्या बहिणीने त्यावर फुलं सरकवली."

मी डबा झाकला. दोघांनी मिळून उरलेल्या घड्या घातल्या.

गंगापूर रोडला मी गेलो, आप्पा गेले नाहीत. तिथे गाद्या नाहीत. साड्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना नेसवलेल्या असतात आणि आम्ही दिवसभर त्यांच्यासारखेच उभे असतो. पहिल्याच महिन्यात मी लतासाठी एक जांभळी साडी घेतली, पहिल्या प्रतीची, निवडून. घरी नेऊन तिच्या हातात दिली. तिने ती पलंगावर उलगडली, दिवा लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, मग उलटी करून पुन्हा बघितली.

"कुठंय?" तिने विचारलं.

"काय?"

"डाग."

मी नाही म्हणालो तरी तिला पटेना. चष्मा लावून तिने तिसऱ्यांदा बघितलं. शेवटी, नेसल्यावर सापडेल म्हणाली आणि ठेवून दिली.

सुटीच्या दिवशी आप्पांच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा त्यांना हे सांगितलं. म्हटलं, हसतील तरी. हल्ली ते सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून खोलीतच बसलेले असतात. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. साडीचा रंग विचारला, काठ विचारले.

"शांताला कधी शोधावा लागला नाही," ते म्हणाले. "साडी हातात देतानाच मी तिला सांगायचो, कुठे आहे ते."