पद्मावतीचं आतडं आणि गोकुळदासांचं पोट

"आठ जेवणं? डॉक्टर, खाणीवर दोनशे माणसांच्या तीन शिफ्टची हजेरी मी एकटा घेतो. एका बायकोची आठ जेवणं म्हणजे काय मोठंसं!"

पाळीच्या खाणीवरचे टायमकीपर गोकुळदास पणजीच्या इस्पितळात हे असं छाती काढून बोलले. गोवा राज्य होऊन दोनच महिने झाले होते, आणि ते आपणच करून दिलं अशा थाटात ते हल्ली सगळंच बोलत. भाषेच्या चळवळीत मराठीसाठी तावातावानं भांडायचे आणि घरी येऊन कोकणीत पाणी मागायचे. असो, तो विषय वेगळा.

डॉक्टर मनीषा वयानं तरुण, पण नजरेनं हेडमास्तरीण. पद्मावतीच्या आतड्याला पीळ पडला होता आणि अर्ध्याहून जास्त आतडं कापून काढावं लागलं होतं.

"उरलेलं आतडं आता वाढवायचंय," त्या म्हणाल्या. "ते अन्नानं वाढतं. घास आतड्यातून पुढं सरकला की आतल्या पेशी रक्तात हार्मोन सोडतात. निरोपेच म्हणा ना! अन्न आलंय, अस्तर वाढवा, रस सोडा, साखर नीट वापरा, असं ते अंगभर सांगत सुटतात. पोट रिकामं राहिलं तर निरोप जात नाही, आणि आतडं सुकत जातं. म्हणून थोडं थोडं, दिवसातून आठ वेळा."

"निरोप्यांवर लक्ष ठेवणं हेच तर माझं काम!"

"आज वजन अडतीस किलो आहे. तीन आठवड्यांत ते खाली गेलं तर मुंबईला न्यावं लागेल, शिरेतून अन्न द्यायला. किती महिने, सांगता येत नाही. आणि तिथूनही सगळेच बरे होऊन परततात असं नाही."

गोकुळदासांच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि ते, एवढंच.

त्यांनी महिन्याची रजा टाकली आणि ऑफिसातला एक कोरा हजेरीपट घरी आणला. आठ रकाने, आठ वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी स्वतः पेज शिजवली आणि पद्मावतीपुढं ठेवली.

"खा."

"आणि तुम्ही?"

"मी मागाहून खाईन."

"मग मीही मागाहून."

"अगो, डॉक्टरनं सांगितलंय!"

"डॉक्टरनं आतडं कापलं, रीत नाही कापली. तुमच्या आधी मी आजवर कधी खाल्लंय?"

पद्मावती आवाज चढवत नसे. तिला चढवायची गरजच पडत नसे. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. शेवटी गोकुळदासांनी स्वतःलाही एक वाटी वाढून घेतली. मग तिनं चमचा उचलला. हजेरीपटावर 'हजर' लिहिताना त्यांना वाटलं, एवढंच ना? खाऊ की आपणही आठ वेळा!

झालं! सकाळी सहाला पेज, आठला उंडो पाव आणि अंडं, दहाला केळं, बाराला भात आणि माशाची कढी, आणि असं करत करत दिवेलागणीनंतर पुन्हा पेज. दहाचं खाणं ते ओसरीवर बसून खात, म्हणजे वारा लागतो. शेजारच्या शांतावैनीनं दोन दिवस हे बघितलं. धडधाकट माणूस, रजेवर, दर दोन तासांनी मऊ मऊ खातोय, आणि बायको आत-बाहेर करून त्याच्याकडं बघतेय! तिसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्यावर बातमी गेली, की आतडं गोकुळदासबाबांचं कापलंय.

टाइम ऑफिसमधला यशवंत केळ्यांचा घड घेऊन आला.

"उठू नका, उठू नका! किती फूट काढलं?"

"माझं नाही रे, हिचं!"

"व्हय, व्हय," यशवंत डोळे पुसत म्हणाला. "तुमचा स्वभावच तसा. स्वतःचं दुखणं कधी सांगणार नाही."

आजाऱ्याला बघायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही, आणि आलेल्याला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आपली पद्धत. रोज चार-पाच माणसं यायची. कुणी बिस्किटं आणायचं, कुणी शेवया, आणि सगळे समोर बसून म्हणायचे, "खा हो, ताकद येईल." गोकुळदास खायचे. न खाऊन करता काय? ते थांबले की पद्मावती थांबायची! दुसऱ्या आठवड्यात पँटचं बटण तुटलं, तिसऱ्यात पट्ट्याची भोकं संपली. खाणीवरून निरोप आला, की घाई करू नका, आल्यावर बसून करायचं काम देऊ.

पण हजेरीपट बघून त्यांचं मन भरून यायचं. एकवीस दिवस, एकशे अडुसष्ट जेवणं, एकही गैरहजेरी नाही. तो काखेत मारून ते पणजीला गेले.

डॉक्टरांनी पद्मावतीला काट्यावर उभं केलं. काटा साडेछत्तीसवर थांबला.

"काटा बिघडलाय," गोकुळदास म्हणाले.

डॉक्टरांनी हजेरीपट चाळला, मग त्यांच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही चढा बघू."

खाणीवरच्या गेल्या तपासणीपेक्षा गोकुळदास सहा किलोंनी वाढले होते.

"पद्मावतीबाई," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. खाणं कुठं गेलं?"

पद्मावतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे मान खाली घालून त्या कागदावर लिहीत बसायचे," ती म्हणाली. "तोवर मी अर्धं यांच्या ताटात सारायची. पुरुषमाणूस, तेवढ्याशा वाटीनं त्यांचं काय होणार? हे लिहून झालं की बघायचेही नाहीत. खाऊन टाकायचे."

"म्हणजे निरोप गेले, पण यांच्या आतड्याला!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आठ दिवस देते. त्यानंतर मुंबई. आणि गोकुळदासबाब, त्यांना आवडेल ते करून घाला. काय आवडतं त्यांना?"

गोकुळदास आठवू लागले. काय आवडतं? ती जेवते तेव्हा ते ओसरीवर आडवे झालेले असत. चोवीस वर्षांत त्यांनी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं! या तीन आठवड्यांत ती समोर बसली, तर ते तिची हजेरी लिहीत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यांनी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि हात बांधून बसले. कागद नाही, पेन नाही, स्वतःचं ताट नाही.

"तू जेवल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेणार नाही."

"मला पाप लावायचंय का तुम्हाला?"

"मुंबईला जाऊन तू परत आली नाहीस, तर मी कुणाआधी न् कुणानंतर जेवू?"

तरी तिनं घास उचलला नाही. साडेबारा झाले. एक वाजला. तीन आठवडे आठ वेळा लाड झालेलं गोकुळदासांचं पोट आता बोंब मारायला लागलं. गुडगुड आवाज ओसरीपर्यंत गेला. शांतावैनी कुंपणावरून ओरडली, "बाबांना कळा येतायत काय गे?"

दीडला पद्मावतीचे डोळे भरून आले. आपण खात नाही म्हणून नवरा उपाशी बसलाय, हे तिला बघवेना. पहिल्यांदाच तिला दुसरा मार्ग उरला नव्हता. तिनं घास उचलला आणि रागारागानं खाल्ला. मग दुसरा. गोकुळदास बघत राहिले. ती मासा खाताना काटा बोटानं किती निगुतीनं काढते, आणि कढी सगळ्यात शेवटी, चवीनं पिते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आठ दिवसांनी काटा सदतीसच्या जरासा पुढं गेला.

"मुंबई रद्द!" डॉक्टर म्हणाल्या. "आतडं कामाला लागलंय. अजून बरेच महिने असंच जपायचंय, पण लागलंय. पद्मावतीबाई, यांच्या हातचं आवडतं ना?"

गोकुळदास कौतुक ऐकायला सावरून बसले.

"मीठ कमी असतं," पद्मावती म्हणाली. "भात कधी कच्चा, कधी गिचका. कढीला तर चवच नसते."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगते की! पहिल्या घासालाच सांगते."

चोवीस वर्षं पहिल्या घासाला हे म्हणायचा मान गोकुळदासांचा होता. आता पहिला घासच तिचा! त्यांनी खाली वाकून पद्मावतीच्या चपला काट्याजवळ सरळ करून ठेवल्या, आणि कढीला नेमकं काय कमी पडतं, ते तिलाच विचारलं.