चाकूचा मुहूर्त

ठक्.

भर दुपारी, जुळे सोलापुरातली अख्खी कॉलनी जेवून आडवी झालेली असताना, चेतनाच्या परसात हा आवाज झाला. फार मोठा नव्हता, डब्याचं झाकण पडावं इतपतच. पण चेतना श्वास रोखून उभी राहिली. आतल्या खोलीत सहा वर्षांच्या सिद्धेश्वरीनं कूस बदलली आणि परत झोपली. सासूसासरे बारशाला गेले होते. नवरा, सुबोध, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात. तो संध्याकाळच्या गाडीनं यायचा. म्हणजे हा तास एकट्या चेतनाचा होता. लेक झाल्यापासून असे तास तिला वाळत घातलेल्या कुरडयांसारखे चोरूनच खावे लागत.

तिनं लाटणं पुन्हा उचललं.

आता परसात लाटणं कशाला, ते सांगायला हवं. चेतनाच्या कॉलेजातल्या पायलनं मैत्रिणींची सहल काढली होती. उजनीच्या पाण्याकाठी तंबू, सकाळी रोहित पक्षी, रात्री चूल. कोण काय आणणार याची ग्रुपवर चर्चा चालू असताना चेतनानं ठणकावून लिहिलं, "चुलीची लाकडं मी फोडणार." जिनं आयुष्यात गॅसच्या शेगडीखेरीज काही पेटवलं नव्हतं, तिनं! पण लिहिलं खरं. आणि लिहिल्यावर असं वाटलं, की आपण पाच फूट दोन इंचांवरून एकदम सहा फुटांवर पोचलो.

सासूबाईंचं, म्हणजे यशोदाबाईंचं, मन वळवायला दिवाळीपासून संक्रांत उजाडली होती. त्या अजूनही हो म्हणाल्या नव्हत्या. फक्त नाही म्हणायच्या थांबल्या होत्या. चेतनासाठी तेवढं पुष्कळ होतं. उद्या पहाटे निघायचं होतं.

मधल्या काळात तिनं चाकू मागवला होता. साधासुधा नव्हे. घडी न होणारा, पातं आणि मूठ एकाच पोलादातली, पाठ बांगडीएवढी जाड, वर खाकी म्यान. तो ऑफिसच्या पत्त्यावर आला आणि डब्याच्या पिशवीतून, पोळीभाजीच्या शेजारी बसून, गुपचूप घरी आला. ज्या घरात सगळ्यात भयंकर हत्यार म्हणजे विळी, तिथं हा दाखवायचा तरी कसा?

आजची सुरुवात झकास झाली. व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं सांगितल्याप्रमाणे तिनं कंपनीचं तेल गरम पाण्यानं धुतलं, पातं कोरडं केलं. वर्तमानपत्रावर फिरवलं, तर राशिभविष्य आवाज न करता दोन भागांत झालं. लिंबावर ठेवलं, तर आपण कापले गेलोय हे लिंबाला बऱ्याच वेळानं कळलं. मग मुख्य परीक्षा. लाकूड उभं धरायचं, धार वर टेकवायची आणि पात्याच्या पाठीवर लाकडानंच ठोकायचं. दगड लावायचा नाही, हे त्यानं बजावलं होतं. म्हणून वरवंटा बाद, लाटणं पास.

राहिलं लाकूड. टाकीमागे एक पाट पडला होता. पाय मोडलेला, धुळीनं माखलेला. तो उभा राहीना, म्हणून चेतनानं आडवा घातला.

ठक्. ठक्.

तिसऱ्या ठोक्याला चाकू पाटात शिरला आणि तिथंच राहिला. तिनं मूठ ओढली, तर अख्खा पाट उचलला गेला. पाटावर उभी राहून ओढली, तर कंबरेत उसण भरली. खोबरेल ओतलं, तर मूठ निसटायला लागली आणि पातं जागचं हललं नाही. आजेसासऱ्यांनी रोवल्यासारखा तो उभा!

एवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला आणि ती आत धावली.

ती पातेलं घासत असताना सिद्धेश्वरी उठली आणि डोळे चोळत परसात आली. गेल्या खंडेनवमीला आजीनं घरातली अवजारं पाटावर मांडून पूजा केली होती. तेव्हापासून या पोरीला नादच लागला होता. मिक्सर, बाबाचं हेल्मेट, आजोबांचं नेलकटर, कुणाची सुटका नव्हती. आणि इथं तर पाट मांडलेला, वर शस्त्र उभं! कुणीतरी तिच्यासाठीच तयारी करून ठेवलेली. तिनं हळद वाहिली. मूठभर कुंकू वाहिलं. फूल नव्हतं, म्हणून लिंबाच्या दोन फोडी दोन बाजूंना ठेवल्या. तरी काहीतरी कमी वाटलं, तेव्हा बाहुलीच्या केसांतली काळी रिबीन सोडून मुठीला बांधली. मनोभावे नमस्कार केला आणि टीव्ही बघायला गेली.

आणि बारशाहून आलेले सासूसासरे, पाय धुवायला म्हणून, मागच्या फाटकानं परसात शिरले.

यशोदाबाई किंचाळल्या नाहीत. त्यांच्या हातातली घुगऱ्यांची पुडी तेवढी सुटली.

"अहो," त्या विहिरीतून बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पाहिलंत?"

सासऱ्यांनी, वेणीमाधवरावांनी, हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण ठरलेलं असे. त्यांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. "थोतांड आहे सगळं," असं ते ठामपणे म्हणाले, पण म्हणताना मागं सरकत सरकत फाटकाबाहेर गेले.

भिंतीपलीकडून बजाबाईंचं डोकं वर आलं. माहेर मंद्रूपचं, आवाज मंद्रूपपर्यंत पोचणारा.

"आवो वैनी, हात लावू नका. करणी हाय ही."

"अगं बाई."

"काळा दोरा, कापलेलं लिंबू, उभा सुरा. मंद्रूपला एकीच्या दारात नुसतं लिंबू घावलं हुतं, तर तिची म्हस आटली. तुमाला तर सुरा घातलाय की."

चेतना साबणाच्या हातानं दारात आली आणि तिथंच थिजली. मघाचा चाकू, पण आता हा अवतार? क्षणभर तिलाही वाटलं, खरंच कुणी आलं होतं की काय.

"चेतना, तू बाहेर येऊ नकोस," यशोदाबाई ओरडल्या. "आणि उद्याचं ते उजनी-बिजनी रद्द. उंबऱ्याबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही."

चाकू माझा म्हणावं, तर सहल बुडाली. न म्हणावं, तरी बुडालीच. गप्प राहिलं तर निदान बोलणी बसणार नाहीत, असा विचार करून ती गप्प राहिली.

पण बजाबाई पात्याकडं बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"ह्याचं तोंड कुणीकडं हाय हो?"

त्यांनी स्वतःच टोकाच्या रेषेत बोट धरलं.

"माज्या भिंतीकडं हाय. माज्या सुनंला नववा लागलाय, आन तुमी माज्या भिंतीकडं सुरा रोवता व्हय?"

"काहीतरीच काय, बजाबाई. आम्ही आत्ता येतोय."

"मंग तुमच्या परसात रोवला कुनी? थांबा, पोराला बोलवते. हे आता चौकीतच जाऊ द्या."

चौकी म्हटल्यावर चेतनाच्या तोंडून निघून गेलं, "आई, ते मी केलंय."

यशोदाबाईंनी सुनेकडं असं पाहिलं, जणू सात वर्षांत आज पहिल्यांदा तिचा चेहरा दिसत होता.

"सासूवर?" बजाबाईंनी विचारलं. त्यांचा राग कुठच्या कुठं गेला होता, आणि त्या जरा पुढं वाकल्या होत्या.

"नाही हो! लाकूड फोडत होते. उजनीला चुलीसाठी फोडायचंय ना, तर सराव. चाकू अडकला. हळदीकुंकू मी नाही वाहिलं, देवाशपथ."

"मी वाहिलं," दारातून सिद्धेश्वरी म्हणाली. "फूल नव्हतं. रिबीन बाहुलीची आहे, मला परत पाहिजे."

वेणीमाधवराव ताबडतोब फाटकाच्या आत आले. "मी म्हटलंच होतं," ते म्हणाले.

यशोदाबाईंनी सुटकेचा श्वास घेतला, पदरानं घाम पुसला, आणि पुसता पुसता त्यांची नजर चाकूवरून खाली पाटावर गेली.

"हा पाट."

"मोडका होता, आई."

"पाय मोडका होता. पाट नव्हता." त्या खाली बसल्या आणि धूळ पुसू लागल्या. "माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात केलेला. सागवानी. सुबोधची मुंज यावर झाली. तुमच्या लग्नाला तुम्ही दोघं बसलात यावर. सुताराकडं द्यायचा म्हणून काढून ठेवला होता मी."

चेतनाला आता करणीच बरी होती असं वाटलं.

"काढूया आपण. काही होत नाही," ती कशीबशी म्हणाली. बजाबाई भिंतीला वळसा घालून आल्या आणि त्यांनी पाटाचं एक टोक दाबलं. दुसरं वेणीमाधवरावांनी. चेतनानं डोळे मिटले, मूठ हलवली, आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावलं.

कडाड.

डोळे उघडले तेव्हा चाकू हातात होता. पात्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पाटाचे उभे दोन तुकडे होऊन एकेक तुकडा एकेकाच्या हाताखाली होता.

"चांगला फुटला," वेणीमाधवराव म्हणाले, आणि बायकोचं तोंड बघून पाय धुवायला निघून गेले.

मग सासूबाईंनी दोन्ही तुकडे काखेत मारले. वाकून लाटणं उचललं, त्याला पडलेले खड्डे बोटानं चाचपले.

"जा तू उद्या," त्या म्हणाल्या. "जाच. दोन दिवस घरात राहिलीस तर पोळपाटही शिल्लक ठेवायची नाहीस."

संध्याकाळी चेतना खोलीत पलंगावर बसली होती. कंबरेला मलम. चाकू धुऊन, पुसून, पात्याला तेलाचा बोळा फिरवून पुन्हा म्यानात घातलेला. मग उगीचच परत काढला, उजेडात धरला, परत घातला. सिद्धेश्वरी शेजारी बसून बाहुलीला रिबीन बांधत होती. सहलीची पिशवी खुंटीला रिकामीच लोंबत होती. आत ना कपडे, ना चादर, ना दात घासायचा ब्रश.

"आई," सिद्धेश्वरीनं पिशवीकडं बघितलं, मग आईच्या हाताकडं. "तुला खरंच उजनीला जायचं होतं, का नुसता चाकू घ्यायचा होता?"

चेतनानं उठून चाकू पिशवीत टाकला. रिकामी पिशवी भिंतीवर आपटली, ठक्.