पाठमोरी परीक्षा

पौष वद्य तृतीया. दुपारी डिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे होते, म्हणून उजाडतानाच पडवी सारवायला घेतली. अर्धी झाली नाही तोच बाळाजीपंत मास्तर आले आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीशी उभे राहिले.

"वहिनी, पाठ फिरवली. खरं बोला. धाकू आज तोंड उघडेल?"

"नाही उघडणार," मी म्हणाले. "आणि पाय उचला, ओलं आहे."

नवख्याला वाटेल माणूस रुसला आहे. मास्तरांची ही रीतच आहे. समोरच्याचं तोंड पाहून माणूस खरं बोलत नाही, असा त्यांचा पक्का समज. गावातल्या न्हाव्यानं एकदा त्यांचा गाल कापला. मास्तर तिथल्या तिथे वळले. "पाठ फिरवली. बोल, लक्ष कुठं होतं तुझं?"

न्हावी म्हणाला, "बोलतू मास्तर, पन आदी दुसरा गाल तं फुडं करा."

गावची शाळा आमच्या पडवीत भरते. माजघराचं दार पडवीत उघडतं, आणि मी लिहावाचायला शिकले ती त्या दाराआड तांदूळ निवडता निवडता. त्यामुळे मास्तरांची परीक्षा कशी चालते हे मला पाठ आहे. इतर मास्तर छडी घेऊन पोरासमोर उभे राहतात. हे पोराला पुस्तक देतात, स्वतः माझ्या दाराकडे तोंड करतात आणि म्हणतात, "पाठ फिरवली. बोल." चुकलं तर पाठ हलत नाही. नीट आलं तर "हं, चालू दे." असं चार-सहा दिवस नीट आलं की त्या पोराचं गोणपाट बिगारीच्या ओळीतून उचलून पहिलीच्या ओळीत टाकतात. मग तो श्रावण असो की शिमगा.

सरकारी नियम तसा नाही. पोराला वर चढवायचं ते डिपोटींनी, वर्षातून एकदा, स्वतः विचारून. मास्तरांना यावरून मागच्या तपासणीत ताकीद मिळाली होती. पुन्हा असं झालं तर बदली, म्हणून यंदा मास्तर तपासणीसाठी थांबले होते.

यंदा सगळं अडलं होतं धाकूपाशी. राघो कुणब्याचा हा पोरगा सहा वर्षांचा. समोर कोणी असलं की याचे ओठ शिवल्यासारखे. मास्तरांच्या पाठीला मात्र पुस्तक घडघडा वाचून दाखवतो. राघोनं महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "सायबानं पास केला तं शाला. नाय तं खालापूरला मामाकडं म्हशी राखंल. येडं पोर शिकवून करू काय?"

मास्तर म्हणाले होते, "वेडा नाही तो."

"तुमी म्हनता. सायेब म्हनंल तवा खरं."

डिपोटी कर्जत स्टेशनावरून बैलगाडीनं आले, उन्हानं आणि धक्क्यांनी वैतागलेले. मास्तरांना रिवाजाप्रमाणे अंगणात उभं केलं, पोरांना खुणावू नये म्हणून. कुंपणाशी राघो येऊन थांबला होता. चार पोरं झाली, पास झाली. मग धाकू.

"नाव काय?"

धाकू स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"बरं, हे अक्षर कोणतं? हे तरी?" डिपोटींचं बोट पानावर आपटू लागलं. "मास्तर, हा मुका आहे काय?"

"नाही. आपण जरा तिकडे तोंड केलंत तर वाचेल."



"मी? या पोराकडे पाठ करू? परीक्षा मी घेतो आहे की तो?"

मास्तरांनी अंगणातला खांब घट्ट धरला. डिपोटींनी शेरा लिहायला टाक शाईत बुडवला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी तांब्या भरला आणि माजघराच्या उंबऱ्यातच उभी राहिले.

"रावसाहेब, पाणी घ्या. उन्हातून आलात."

उंबऱ्याबाहेर मी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे त्यांना उठून वळावं लागलं. भला माणूस, तांब्याला ओठ न लावता वरून धार धरून पिणारा. मान मागे, तोंडात धार. अशा वेळी ना बोलता येत, ना वळता येत.

अंगणातून मास्तरांचा आवाज आला, हळूच. "धाकू, पाठ फिरली. बोल."

धाकू वाचू लागला. घर, वन, जल. मग खालची ओळ. धार चुकली आणि साहेबांच्या कोटावर पाणी सांडलं. मी दुसरा तांब्या पुढे केला. तो त्यांनी घेतला, आणि पहिल्यापेक्षा पुष्कळच सावकाश प्यायले. तेवढ्यात पान संपलं.

ते वळले. धाकूचे ओठ पुन्हा मिटलेले.

साहेबांनी मिशा पुसल्या. "वाचलं खरं. पण मी विचारलं तेव्हा बोलला नाही. नियमानं हा नापास. माझा इलाज नाही."

मास्तर पडवीत चढले. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. "आपला शेरा आपण लिहा. उद्या तो पहिलीत बसेल."

"बदली होईल, मास्तर. कुठल्या रानात जाऊन पडाल."

"तिथं पोरं असतीलच ना?"

डिपोटी गाडीत बसून गेले. मग राघो पुढे आला. "नापास केलान ना सायबानं?"

"साहेबांनी केला. मी पास केला."

"मंग दोगांत मोठा कोन?"

"साहेब वर्षातून एकदा येतात, राघो. मी याला रोज ऐकतो."

 राघोनं धाकूचं मनगट धरलं आणि वाटेला लागला. मास्तर दिवेलागणीपर्यंत पडवीतच बसून होते. बायको ना मूल, घरी जायची घाई त्यांना कधीच नसते. मी भाकरी नेऊन ठेवली, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवी झाडली, गोणपाटं अंथरली, आणि धाकूचं पहिलीच्या ओळीत टाकलं. मास्तर आले. गोणपाट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी दाराआड गेल्यावर दाराकडे तोंड करून हजेरी घेऊ लागले.

पोरांना वाटतं, मास्तर पाठ फिरवतात ते आपली भीती जावी म्हणून. तेही खरंच. पण त्यांचं तोंड माझ्या दाराकडे असतं. पोर वाचू लागलं की हा करडा माणूस ओठांनी त्याच्याबरोबर एकेक अक्षर म्हणतो. पोर अडलं की डोळे गच्च मिटून घेतो, आपलंच लेकरू भरल्या ओढ्यातून चाललं असावं तसे.

"धाकू राघो."

कोणी बोललं नाही. मास्तरांनी डोळे मिटले.

मला त्यांच्या खांद्यावरून कुंपण दिसत होतं. राघो आला होता. त्यानं पोराला खांद्यावरून खाली ठेवलं, पडवीकडे ढकललं, आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

धाकू गोणपाटावर जाऊन बसला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोन्हीकडे पाठीच.

"हजर," तो म्हणाला.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. मी माजघराचं दार ओढून घेतलं.