ज्वालामुखी आणि पाहुणचार

"अक्का, लाव्हा कोठी गेला?"

अभिमनचा आवाज असोद्याच्या शाळेच्या व्हरांड्यात घुमला. समोर त्याच्या मुलीचा, मंदाचा ज्वालामुखी उभा होता. काळ्या मातीचा डोंगर, त्याच्या पोटात पेला आणि पेल्यात चांगला मूठभर खायचा सोडा. जिलबीचा लाल रंग घातलेला लिंबाचा रस ओतला, की डोंगर उसळणार होता. पण रसाचा तांब्या रिकामा!

आई गेल्यापासून मंदा शाळेत तोंड उघडत नव्हती. हा प्रयोग मात्र तिने स्वतः मागून घेतला. तो जळगावच्या प्रदर्शनात जावा म्हणून बापलेक कितीतरी दिवस माती मळत होते.

"कोन्ता लाव्हा?" त्याची थोरली बहीण द्रौपदाबाई म्हणाली. "जळगावचे साहेब उन्हाचे आले. त्या सरबतात साखर घातली अन् देल्लं त्याह्यले. पाहुण्याले कोरडं बसवू का?"

पलीकडच्या टेबलाशी दोघे परीक्षक मिशा पुसत होते. जिभा लालभडक.

"बाबा, ते इकडेच येऊ राह्यले!"

"आंबट पाहिजे! काहीबी आंबट!" ओरडत अभिमन समोरच्या सुंदरबाईच्या घरात शिरला आणि चुलीजवळचं पातेलं उचलून पळत सुटला.

"ओ भाऊ, कढीचं ताक हाये ते! हळद घातली मी त्यात!" लाटणं घेऊन सुंदरबाई मागे.

परीक्षक येऊन उभे राहिले. मंदाने डोळे मिटून ताक ओतलं. फस्सदिशी डोंगर उसळला! पिवळं ताक सोड्याला लागताच लाल झालं आणि फेसाळत उतारावरून धावलं. पोरं नाचायला लागली. सुंदरबाई लाटणं टाकून टाळ्या पिटू लागली.

"वा! सोड्याने हळद लाल होते, हे कोणी शिकवलं तुला?" थोरल्या परीक्षकांनी विचारलं.

अभिमनने रिकामं पातेलं उचलून पाठीमागे लपवलं.

"कोणीच नाही," मंदा खणखणीत आवाजात म्हणाली. "लाल लाव्हा तुम्ही पिऊन टाकला साहेब, म्हणून कढी ओतली."

साहेबांनी सोबत्याची जीभ पाहिली. मग स्वतःच्या तोंडावर रुमाल धरूनच कागदावर लिहिलं, 'जळगावसाठी निवड.'

मंदा ओरडत वर्गावर्गातून पळत सुटली. अभिमनला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

द्रौपदाबाई साहेबांजवळ सरकली. "जळगावले तुमच्यासारखे साहेब किती राहतीन हो? त्या मानानं लिंबं आनते."